वर्धा खोऱ्यातील कोळसा आणि खाणीनंतरची जमीन

वर्धा खोऱ्याचे कोळसाक्षेत्र नावाने वर्धेचे असले, तरी ते मुख्यतः चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याच्या आरंभीच्या इतिहासात वर्धा जिल्ह्याचा वाटा आहे तो रेल्वेचा. वरोऱ्याच्या सरकारी खाणीतील कोळसा बाहेर नेण्यासाठी 1870च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ टाकण्यात आली, आणि कापसाच्या या मुलखाला त्या लोहमार्गाचा आयताच लाभ झाला.

वरोऱ्याची खाण भूमिगत होती. अशा खाणीत कोळशाचा थर कोरत जाताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब राखले जातात, पुढे शक्य तेवढे खांबही काढून घेतले जातात, आणि मागे राहिलेली पोकळी वाळूने भरली नाही तर वरची जमीन केव्हा तरी खचते. ही खाण 1906मध्ये बंद झाली, तेव्हा जमीन सुस्थितीत परत करण्याचे बंधन कोणावरही नव्हते. असा धोका किती काळ टिकतो हे घुग्घुस येथे ऑगस्ट 2022मध्ये दिसले. जुन्या भूमिगत खाणीवर वसलेल्या वस्तीतील एक घर तेथे पाहता पाहता जमिनीत गडप झाले.

1973च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि 1975मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाल्यावर खुल्या खाणींचे प्रमाण वाढले. येथे कोळशावरची माती आणि खडक, म्हणजे खाणकामगारांच्या बोलीतील ‘ओबी’, आधी हलवावी लागते. शास्त्रशुद्ध पद्धतीत वरचा सुपीक थर वेगळा साठवतात, कोळसा निघालेल्या भागात मागून ओबी भरत जातात, आणि उतार बसवून झाल्यावर तोच थर वर पसरून झाडे लावतात. परंतु खाण सुरू होताना आत जागा नसल्याने पहिली ओबी बाहेरच टाकावी लागते, आणि सपाट मुलखात उभ्या राहिलेल्या टेकड्या त्यातूनच घडल्या आहेत.

2009च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी खाणबंदीचा आराखडा आधीच करणे आणि त्यासाठी राखीव खात्यात पैसे भरणे बंधनकारक केले. तेव्हाचा दर खुल्या खाणीस हेक्टरी 6 लाख, तर भूमिगत खाणीस 1 लाख रुपये होता. नियम आवश्यकच होता, मात्र पुनर्भरण आणि पुनर्स्थापना या दोन गोष्टी एक नव्हेत: फार काळ ढिगात पडलेल्या मातीतील सूक्ष्मजीव कमी होतात, ओबीच्या भरावात काळ्या मातीसारखा ओलावा टिकत नाही, आणि म्हणून तेथे बांबू किंवा करंज तग धरू शकतो, पण कापसाचे पूर्वीचे पीक सहजासहजी येत नाही.