दुकानांच्या भाड्यावर वसलेले शहर : सारायेव्हो आणि वक्फ

१/ सारायेव्हो म्हटले की २८ जून १९१४ हा दिवस आठवतो : ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या आणि तिच्यामागोमाग आलेले पहिले महायुद्ध. पण बोस्नियातील हे शहर त्याआधी साडेचारशे वर्षे वसलेले होते. ते कोणाच्या पैशावर उभे राहिले, हे समजून घ्यायचे तर वक्फची व्यवस्था पाहावी लागते.

२/ ‘वक्फ’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ थांबवणे, रोखून धरणे. मालक आपली मिळकत खरेदी-विक्री आणि वारसाहक्क यांतून कायमची बाहेर काढतो आणि तिचे उत्पन्न ठरावीक कामासाठी बांधून देतो. कोणती मिळकत, कोणते काम, कोणाला किती वेतन, हे सारे काझीकडे नोंदलेल्या वक्फनाम्यात लिहिलेले असे. कारभार पाहणारा तो मुतवल्ली.

३/ उस्मानी साम्राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजच्या अर्थाने नगरपालिका नव्हत्या. पाणीपुरवठा, शाळा, हमाम, अन्नछत्र, वाटसरूंसाठी सराई ही शहराची कामे बव्हंशी वक्फांच्या उत्पन्नातून होत. म्हणून एखाद्या सुभेदाराचा वक्फनामा हा पुष्कळदा त्या शहराचा पहिला विकास आराखडाही ठरे.

४/ सारायेव्होचा असा आराखडा १४६२ चा आहे. बोस्नियाचे राज्य पूर्णपणे उस्मानी अमलाखाली येण्यापूर्वी एक वर्ष, सरहद्दीवरचा उस्मानी अधिकारी इसा-बेग इसाकोविच याने मिल्याच्का नदीच्या खोऱ्यात वक्फ केला. नदीवर पूल, प्रवाशांना अन्न आणि निवारा देणारा तेक्के म्हणजे दर्वेशांचा मठ, व्यापाऱ्यांसाठी सराई, दुकाने, पाणचक्क्या. त्याचा वाडा म्हणजे ‘सराय’. शहराचे नाव त्यावरूनच पडले.

५/ या यादीत दोन प्रकारच्या वास्तू आहेत. तेक्के आणि पूल खर्चाचे. सराई, दुकाने आणि चक्क्या उत्पन्नाच्या. पहिल्या प्रकारच्या वास्तू टिकाव्यात म्हणून दुसऱ्या बांधायच्या. पुलामुळे रहदारी वाढते, रहदारीमुळे दुकानांना भाडे येते, भाड्यातून प्रवाशाला जेवण मिळते. शहर वाढले तरच वक्फ टिकणार, हे या हिशेबातच गृहीत होते.

६/ हाच हिशेब गाझी हुस्रेव-बेगने फार मोठ्या प्रमाणावर मांडला. तो सुलतान बायझिद दुसरा याच्या मुलीचा मुलगा. १५२१ मध्ये तो बोस्नियाचा सुभेदार झाला आणि मधला काही काळ वगळता १५४१ मधील मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिला. १५३१ च्या सुमारास त्याची मशीद उभी राहिली. तिच्याभोवती अन्नछत्र, मक्तब आणि सूफींची खानकाह आली. पाणी सुमारे सात किलोमीटरवरच्या झऱ्यातून आणले गेले.

७/ या साऱ्याचा खर्च भागवण्यासाठी दगडी सराई, हमाम, बेझिस्तान म्हणजे छत असलेली बाजारपेठ आणि भाड्याची दुकाने. मशिदीच्या आसपास आजही गजबजलेला बाश्चार्शिया हा बाजार याच हिशेबातून वाढला.

८/ १५३७ मध्ये त्याने मदरसा स्थापला. त्याच्या वक्फनाम्यातील दोन कलमे विशेष आहेत. धर्मशास्त्राच्या विषयांबरोबरच देशकालाला अनुसरून लागतील ते विषय शिकवावेत, असे एक कलम सांगते. दुसरे सांगते की बांधकामातून उरलेल्या रकमेतून ग्रंथ घ्यावेत. गाझी हुस्रेव-बेग ग्रंथालयाचा आरंभ या कलमातून झाला.

९/ हा पैसा आला कोठून? सुभेदारीचे उत्पन्न आणि सरहद्दीवरच्या युद्धांतील लूट. मदरसा स्थापन झाला त्याच वर्षी डाल्मेशियातील क्लिसचा किल्ला पडला. तो घेणारा मुराद-बेग तार्दिच हा जन्माने ख्रिस्ती, पुढे हुस्रेव-बेगचा मुक्त केलेला गुलाम आणि त्याच्या वक्फचा पहिला मुतवल्ली. एका प्रदेशाची लूट दुसऱ्या प्रदेशातील अन्नछत्र चालवत होती.

१०/ परोपकाराबरोबर स्वार्थही होता. उस्मानी अधिकाऱ्याची संपत्ती त्याच्या मृत्यूनंतर, कधी पदच्युतीनंतरही, सुलतान जप्त करू शके. वक्फ केलेल्या मिळकतीला सहसा हात लागत नसे. शिवाय देणगीदार आपल्या वंशजांना पगारी मुतवल्ली नेमू शके. पुण्य आणि वारसांची सोय एकाच दस्तऐवजात साधत असे.

११/ लाभ मुसलमानांपुरता मर्यादित नव्हता. १५८१ च्या सुमारास सियावुश पाशाच्या वक्फने सारायेव्होत एक मोठा चौक बांधला. स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंचे वंशज तेथे राहू लागले. भाडे वक्फला जाई. शेजारीच त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले.

१२/ बाल्कन प्रदेशात आणि अनातोलियात रोख रकमेचेही वक्फ होत. मुद्दल व्याजाने द्यायचे आणि व्याजातून शाळा चालवायची. हे रिबा, म्हणजे निषिद्ध व्याज, नव्हे काय? शेखुलइस्लाम चिविझादेने विरोध केला. त्याच पदावर पुढे आलेल्या एबुस्सुऊदने प्रचलित रूढी आणि लोकहित पाहून समर्थन केले. प्रथा टिकली. पण १५८० च्या दशकात आक्चे या नाण्यातील चांदी जवळजवळ निम्म्याने घटली, तेव्हा ‘कायमच्या’ मुद्दलाची किंमतही घटली.

१३/ कायमस्वरूपी बंधनाचा तोटा आपत्तीत दिसे. वक्फची जळालेली दुकाने विकून पैसा उभा करता येत नसे. त्यावर सतराव्या शतकापासून तोड निघाली : भाडेकरूने सुरुवातीला मोठी रक्कम द्यावी, मग दरसाल नाममात्र भाडे. दुकान उभे राही, पण वक्फचे नियमित उत्पन्न कायमचे आटे. सारायेव्होने आगी अनेक पाहिल्या. १६९७ मध्ये सावॉयच्या यूजीनच्या सैन्याने तर शहरच जाळले.

१४/ १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी आली आणि वक्फांवर सरकारी देखरेख बसली. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाच्या समाजवादी सरकारने बहुतांश मिळकतींचे राष्ट्रीयीकरण केले. मशीद राहिली, पण तिला पोसणारी दुकाने गेली. इसा-बेगच्या काळापासून चालत आलेली खर्च आणि उत्पन्नाची जोडी तेथे तुटली.

१५/ १९९२ मध्ये शहराला वेढा पडला. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय जळून खाक झाले. गाझी हुस्रेव-बेग ग्रंथालयाची हस्तलिखिते मात्र कर्मचाऱ्यांनी गोळीबारात वारंवार जागा बदलत वाचवली. २०१४ मध्ये हे ग्रंथालय मदरशाजवळच्या नव्या इमारतीत सुरू झाले. ती इमारत कतारच्या मदतीने उभी राहिली. बाजाराच्या भाड्यात आता तेवढे बळ उरलेले नव्हते. उरलेल्या रकमेतून ग्रंथ घ्यावेत, हे १५३७ चे कलम मात्र त्या संग्रहाच्या रूपाने आजही पाळले गेलेले दिसते.