सात बहिणींचं तळं

आज एका तळ्याची गोष्ट सांगते. या तळ्यावर लोक सुटीच्या दिवशी लेकरंबाळं घेऊन जातात, तिकीट काढून नावेत बसतात, पाण्यात हात घालून फोटो काढतात. पण ते बांधलं तेव्हा फोटो नव्हते आणि तिकीटही नव्हतं. धानाला पाणी हवं होतं, म्हणून ते बांधलं.

हे तळं म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नवेगावबांध. आपल्या पुलगावहून नागपूर, तिथून गोंदिया, आणि गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीनं देवलगाव स्टेशन. आपल्याकडे कापूस-तुरीचा मुलूख. तिकडे गेलं की बांध्या दिसू लागतात, धान दिसतो आणि गावोगाव तलाव. त्याला तलावांचा मुलूख म्हणतात ते उगीच नाही.

हे तलाव मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. परंपरा अशी सांगतात की चांद्याचा गोंड राजा काशीला गेला, तिथं त्यानं पाणी अडवण्यात तरबेज असलेली ही माणसं पाहिली आणि त्यांना इकडे आणलं. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन. काशीची गोष्ट किती खरी ते सोडून द्या, पण काम मात्र डोळ्यांना दिसतं. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची आणि तिथं मातीची पाळ घालायची. पाणी सोडायला जी रचना असते तिला तिकडे तुडूम म्हणतात. पाणी जसं उतरेल तसं वरून खालचं एकेक भोक उघडत जायचं. आणि पाणी कोणाच्या बांधीत कधी जाईल हे बघायला गावानं नेमलेला पाटकरी. यात ना सिमेंट, ना यंत्र.

नवेगावचं तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं सांगतात. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये त्याचं क्षेत्रफळ 5 चौरस मैल आणि घेर 17 मैल दिला आहे. 17 मैल म्हणजे सत्तावीस किलोमीटर. काठानं चालत फेरी घालायची म्हटलं तर दिवस मोडेल.

आता माझ्या मनात जे घर करून राहिलं ते ऐका. कोलू पाटलांचं लोकांनी पुढे दैवत केलं. कोलासूर म्हणून त्यांचं ठाणं तळ्याकाठी आहे. आणि तळ्याभोवती ज्या सात टेकड्या आहेत, त्यांना सात बहिणी म्हणतात. या सात बहिणींनी तळं बांधायला मदत केली अशी श्रद्धा आहे. तळ्याच्या मधोमध एक बेट आहे, मालडोंगरी. त्याची कथा अशी की पाळीवरचे मजूर दिवसाचं काम संपलं की घरी जाताना एकेक टोपलं माती तिथं टाकत, त्यातून हे बेट उभं राहिलं.

एवढ्या टोपल्या कोणी वाहिल्या असतील, बायांनो? रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या कोणत्याही बाईला विचारा. खोदणारा एक आणि टोपलं डोक्यावर घेऊन पाळ चढणाऱ्या चार, असंच काम चालतं. तेव्हा वेगळं चालत असेल असं मला तरी वाटत नाही. पाटलाचं नाव राहिलं. बायांची नावं राहिली नाहीत, पण गोष्ट सांगणाऱ्यांना बाया विसरता आल्या नाहीत, म्हणून त्या टेकड्या होऊन बसल्या असाव्यात. हा माझा अंदाज आहे, बी.ए.ला इतिहास शिकवणाऱ्या सरांनी तो चालवून घेतला नसता.

पुढे इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांकडे होते. म्हणून आजही त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलाव. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी दुरुस्त करायची, हे आधी गाव ठरवत असे. सरकारी झाल्यावर अर्ज सुरू झाले. पुष्कळ तलाव गाळानं भरत गेले.

नवेगावबांधला वेगळं वळण मिळालं ते जंगलामुळे. 1975 मध्ये इथं राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी इथं उतरतात. मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते, त्यांचं 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक आहे, गावातल्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. पर्यटक येऊ लागले, विश्रामगृहं झाली, बाग झाली आणि नौकाविहार आला.

पण नाव काही पर्यटकांबरोबर आली नाही. ढिवर बांधवांचे डोंगे त्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या होतेच. आमच्या वर्धा नदीवर भोई लोकांचे होते, तसेच. डोंगा हे त्यांचं पोट. पुरुष जाळं टाकतात, बाया मासे घेऊन बाजाराला जातात. लोकांसाठी जी मौज आहे, ती त्या घरासाठी मजुरी. पर्यटकांना पाणी भरलेलं दिसायला हवं, शेतकऱ्याला ते धानासाठी सोडायला हवं, मच्छीमाराला तळाशी गवत हवं, आणि पक्ष्यांना मोटारीचा आवाज नको. एका तळ्यात चार संसार. मला विचाराल तर अशा ठिकाणी वल्ह्याची नावच बरी. आवाज नाही, आणि वल्हं मारायला माणूस लागतो म्हणजे एका घरची चूल पेटते.

गवताचं म्हटलं तर तीही गोष्ट सांगायलाच हवी. तलावात बाहेरचे मासे सोडले गेले, बेशरम माजली, आणि देशी मासे ज्यांच्या आधारानं वाढतात त्या पाणवनस्पती कमी झाल्या. मासे घटले की पहिला फटका टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईला. गेल्या काही वर्षांत याच अर्जुनी मोरगाव भागात ढिवर बाया एकत्र आल्या. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. शेतात रोवणी करतात तशी तळ्यात रोवणी. सात बहिणी डोंगर होऊन बसल्यावर त्यांच्या लेकी-सुना पुन्हा पाण्यात उतरल्या म्हणा ना.

हे सगळं पुलगावच्या रेडिओवर का सांगते? तर आपल्या वरच्या अंगाला, आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा धरण आहे. त्याही पाण्याखाली गावं गेली, शेतं गेली. एवढं पाणी दिसलं की आज ना उद्या तिथं बोटी आणा, बाग करा, असं कोणीतरी म्हणणारच. आणावी बोट, माझी ना नाही. पण ठेका निघेल तेव्हा आधी विचार कोणाचा व्हायचा? ज्यांची शेतं त्या तळाशी आहेत त्यांचा, आणि जे तिथं मासे धरतात त्यांचा. बायांना हे जमेल का, असं विचारणाऱ्यांना वेंगुर्ल्याचं उदाहरण द्या. तिथं मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटानं 2017 पासून कांदळवन सफारी चालवली आहे. वल्हं मारणाऱ्या बाया, माहिती सांगणाऱ्या बाया, आणि हिशोबाची वही पण त्यांचीच.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. 14 सप्टेंबर 2021 ला वरूड तालुक्यात झुंजला आपल्याच वर्धा नदीत नाव उलटली आणि 11 माणसं गेली. दशक्रियेला आलेलं कुटुंब होतं ते. नाव मासेमारीची, माणसं जास्त, अंगात कोणाच्या जॅकेट नाही. जॅकेट घामट असतं, साडीवर बरं दिसत नाही, फोटोत पदर झाकला जातो, हे सगळं मी बायांच्या तोंडून ऐकलं आहे. तरी घालायचं, आणि कडेवरच्या लेकराला वेगळं, त्याच्या मापाचं मागायचं. नावेत किती माणसं बसायची हे पाटीवर लिहिलेलं असतं, ते आपणच मोजायचं. एक जास्त झाला तर आपण उतरायचं, पैसे परत मिळोत की न मिळोत.

आमच्या गटांची सहल दिवाळीनंतर नवेगावबांधला जाणार आहे. तेव्हा तलाव भरलेला असतो आणि पक्षी यायला लागलेले असतात. यायचं असेल त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्या. डब्बा घरून आणायचा आहे. आणि कोलासुराच्या ठाण्यावर नारळ फोडणार असाल, तर एक नारळ जास्तीचा घ्या, सात बहिणींच्या नावानं.