तळटीप : ‘परमेश्वराचे भय’

१. परमेश्वराचे भय : मूळ हिब्रू शब्द ‘यिर्आ’. त्यात धाक आहे, तसेच देवाचे सामर्थ्य पाहून थक्क होऊन नमणेही आहे. मराठीत ‘भय’ म्हटले की सावकाराचे, भुताखेताचे भय आठवते आणि ही दुसरी छटा गळून पडते. ‘आदर’ हा पर्याय मात्र फारच सौम्य; म्हणून येथे रूढ शब्दच ठेवला आहे.

हे भय रविवारच्या उपासनेपुरते नाही. लेवीय १९:१४ पाहावे. बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, असे सांगून लगेच देवाचे भय बाळगण्याची आज्ञा येते. बहिऱ्याला शाप ऐकू येत नाही, आंधळ्याला अडखळण ठेवणारा दिसत नाही. जेथे पकडले जाण्याची धास्ती नाही, नेमके तेथेच हे भय माणसाचा हात धरते; माझ्या मते या शब्दाचा इतका नितळ अर्थ दुसरीकडे क्वचितच सापडेल. पुढे १९:३२ मध्ये ते वृद्धांचा मान राखण्याशी आणि २५:३६ मध्ये गरीब झालेल्या भावाकडून व्याज न घेण्याशी जोडले आहे. या प्रकरणात ‘भय’ शब्द येईल तेथे वाचकांनी ही तीन वचने शेजारी ठेवून वाचावे.