बुद्धीचा आकडा : बिनेपासून कामतांपर्यंत

मानसशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात बुद्धिमत्तेचं प्रकरण उघडलं की पहिल्या काही पानांत एक सूत्र चौकटीत छापलेलं सापडतं. मानसिक वय भागिले जन्मवय, गुणिले 100. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय दहा असेल तर त्याचा बुद्ध्यंक 125. परीक्षेला हमखास येणारं, हातचे गुण मिळवून देणारं सूत्र. संवेदन, अवधान, स्मृती या संकल्पनांबद्दल विद्वानांनी पुष्कळ वाद घातले, पण त्यांच्यापायी कुणाचं घरदार उठलं नाही. बुद्ध्यंकाचं तसं नाही. तो जन्मला आणि पंचवीस वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन बसला. आज आपल्याला हाच प्रवास पाहायचा आहे.

आधी शब्दाकडे पाहू. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची ती खोडच आहे. 'बुद्धी' हा शब्द आपल्याकडे फार जुना. सांख्यांच्या मते बुद्धीचं काम निश्चय करणं. नैयायिकांच्या लेखी बुद्धी म्हणजे ज्ञानच, त्या त्या वेळी होणारं. आणि बोलीत? आपण सुबुद्धी म्हणतो, दुर्बुद्धी म्हणतो, 'त्याची बुद्धी फिरली' म्हणतो, देवाकडे बुद्धी मागतो. म्हणजे बुद्धीला दिशा असते, ती वळते, फिरते. मंद, तल्लख, कुशाग्र ही विशेषणंही आहेतच, तेव्हा कमी-जास्तपणाची जाण आपल्याला नव्हती असं कुणी समजू नये. पण ती किती शेर, किती तोळे, असा प्रश्न या भाषेत कुणी विचारला नव्हता. इंग्रजी पाठ्यपुस्तकं मराठीत आली तेव्हा याच जुन्या शब्दाच्या गळ्यात एक अंक बांधला गेला, आणि शब्द ओळखीचा असल्यामुळे आत काय बदललं ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो अंक आला कुठून? सुरुवात पॅरिसमध्ये. आल्फ्रेद बिने हा 1857 साली नीस इथे जन्मलेला गृहस्थ. शिक्षण कायद्याचं; मानसशास्त्र तो ग्रंथालयात बसून स्वतःच शिकला. उमेदीच्या काळात शार्को या विख्यात डॉक्टरांच्या रुग्णालयात त्याने संमोहनावर प्रयोग केले, लोहचुंबक फिरवून लक्षणं शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतात असा दावाही केला. बेल्जियमच्या देलबफ यांनी दाखवून दिलं की हा सगळा सूचनेचा खेळ आहे. रुग्णाला अपेक्षा कळते आणि तो तसं वागतो. बिनेची चांगलीच शोभा झाली. पण त्यातून एक सावधपणा त्याच्यात कायमचा आला, असं आम्हाला वाटतं. पुढे शाळकरी मुलांच्या डोक्यांची मापं घेऊन हुशारी कळते का, हे त्याने तपासलं तेव्हा फरक अगदी नगण्य निघाले, आणि मोजताना आपल्याच मनातला अंदाज हाताला ओढत नाही ना, हा संशयही त्याने घेतला. घरी मात्र त्याच्या दोन मुली होत्या. त्यांना प्रश्न विचारत, त्यांचं निरीक्षण करत तो जे शिकला ते कवटी मोजून शिकला नव्हता.

1882 च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. सगळीच मुलं शाळेत येऊ लागली की काही मुलं मागे पडताना दिसतात; आधी ती घरीच किंवा शेतावर असत, त्यामुळे दिसत नसत. 1904 मध्ये सरकारने एक समिती नेमली. प्रश्न साधा होता : कोणत्या मुलाला वेगळ्या वर्गाची, वेगळ्या शिकवण्याची गरज आहे, हे ठरवायचं कसं? शिक्षकाच्या शब्दावर सोडलं तर द्वाड पोरं वर्गाबाहेर काढायला निमित्त मिळेल, ही भीती बिनेला होती. म्हणून 1905 मध्ये थिओडोर सिमाँ या तरुण डॉक्टरबरोबर त्याने तीस कामांची एक श्रेणी केली, सोप्यापासून अवघडापर्यंत. 1908 मध्ये ती वयाप्रमाणे लावली. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावं, दोन अंक ऐकून परत म्हणावेत. पाच वर्षांच्या मुलाने दोन वजनांतलं जड कोणतं ते सांगावं, चौकोन पाहून काढावा, चार नाणी मोजावीत. आपल्या आज्या नातवंडांशी बोलताना असंच काहीसं पाहत असतात. फरक इतकाच की बिनेने ते पुष्कळ मुलांवर करून पाहिलं आणि कोणत्या वयाला बहुतेकांना काय जमतं ते लिहून ठेवलं.

इथे थोडं थांबू. बिनेने स्पष्ट म्हटलं होतं की हे मोजमाप कापड मोजण्यासारखं नाही. बुद्धीचे गुण एकावर एक ठेवून बेरीज होत नाही. ही फक्त रांग लावण्याची, वर्गीकरणाची सोय आहे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा मुद्दा चटकन कळेल : क्रम लावणं वेगळं आणि परिमाण सांगणं वेगळं. दुसरं म्हणजे, मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने खास वर्ग चालवायला लावले. तिथे मुलांना पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहण्याचा खेळ असे, कारण लक्ष देता आल्याशिवाय पुढचं काही शिकवता येत नाही. बुद्धी वाढत नाही म्हणणाऱ्यांवर तो चिडत असे. 1911 मध्ये तो गेला, चोपन्नाव्या वर्षी.

भागाकार केला तो त्याच्यानंतर. 1912 मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सुचवलं की मानसिक वय आणि जन्मवय यांची वजाबाकी करू नये, गुणोत्तर काढावं. कारण रास्त होतं : चार वर्षांचं मूल दोन वर्षांनी मागे असणं आणि बारा वर्षांचं दोन वर्षांनी मागे असणं सारखं नाही. 1916 मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने चाचणीची अमेरिकी आवृत्ती काढली, गुणोत्तराला 100 ने गुणून अपूर्णांक घालवला, आणि सूत्र आजच्या चौकटीत बसलं. (गंमत अशी की वेक्सलरच्या 1939 च्या चाचणीपासून हा भागाकार हळूहळू मागे पडला. चाळिशीतल्या माणसाच्या मानसिक वयाला अर्थच राहत नाही, म्हणून आता आपल्या वयाच्या सरासरीपासून माणूस किती दूर आहे ते पाहतात. विद्यार्थी मात्र अजून भागाकार पाठ करतात.)

सूत्रापेक्षा मोठा बदल अमेरिकेत त्याच्या अर्थात झाला. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत हेन्री गॉडर्डने 1908 मध्ये बिनेची चाचणी आणली. त्याचा पक्का ग्रह होता की ही चाचणी आनुवंशिक, न बदलणारी अशी एक गोष्ट मोजते. मानसिक वय आठ ते बारा असलेल्यांसाठी त्याने एक नवा शब्दही घडवला, 'मोरॉन'. आज तो शिवी म्हणून उरला आहे. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि रॉबर्ट यर्क्सच्या देखरेखीखाली सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची चाचणी झाली. त्यात एका खाद्य-तुपाच्या छापाचं नाव देऊन ही वस्तू कसली, असा प्रश्न होता. निरक्षरांच्या चित्रचाचणीत टेनिसच्या मैदानात काय राहिलं ते ओळखायचं होतं, जाळी. नुकताच जहाजातून उतरलेला इटलीचा शेतकरी टेनिसची जाळी कुठून ओळखणार? निकाल आला की गोऱ्या सैनिकाचं सरासरी मानसिक वय तेराच्या आसपास. पत्रकार वॉल्टर लिपमनने 1922 मध्ये विचारलं, सरासरी प्रौढाची बुद्धी सरासरी प्रौढापेक्षा कमी कशी असेल? तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा प्रश्न, पण तो विचारायला पत्रकार लागला.

आता न्यायालयाकडे येऊ. व्हर्जिनिया राज्याने 1924 मध्ये 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याची कसोटी बघण्यासाठी कॅरी बक ही तरुण मुलगी निवडली गेली. ज्या घरात ती वाढली त्या घरच्या एका नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला होता. गर्भ राहिल्यावर तिची रवानगी संस्थेत झाली. तिची आई एमा आधीपासून तिथेच होती. टर्मनच्या चाचणीने कॅरीचं मानसिक वय नऊ आणि आईचं सात वर्षं अकरा महिने ठरवलं. कॅरीची लेक व्हिव्हियन जेमतेम काही महिन्यांची होती. तिच्याकडे बघून एका समाजसेविकेने साक्ष दिली की हे बाळ काही अगदी नेहमीसारखं वाटत नाही. झाल्या तीन पिढ्या. 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कायदा वैध ठरवला आणि त्याच वर्षी कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून जास्त माणसांची नसबंदी झाली. व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, एकदा हुशार मुलांच्या यादीत तिचं नावही लागलं. 1932 मध्ये ती आठ वर्षांची असताना आजारपणात वारली.

कुणाला मदत हवी, हा पॅरिसमधला प्रश्न होता. व्हर्जिनियात विचारलं गेलं ते कुणाची पिढी थांबवायची. हातातली साधनं जवळजवळ तीच.

आणि आपल्याकडे? मुंबई इलाख्यात तेव्हा मराठी जिल्ह्यांबरोबर धारवाड, बेळगाव असे कानडी जिल्हेही होते. या मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी टर्मनच्या आवृत्तीचं मराठी आणि कानडी रूप सिद्ध केलं. 1934 मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश नियतकालिकात आला, मग पुस्तक. हे काम नुसत्या भाषांतराचं नसतं. ज्या मुलाने पेन्सिल हातात धरलेली नाही त्याला चौकोन काढायला सांगितला, तर तपासतो काय आपण, बुद्धी की पेन्सिल? कोणत्याही रूपांतरकाराला याचं उत्तर प्रत्येक कामापाशी शोधावं लागतं. ही बिने-कामत चाचणी आपल्या रुग्णालयांत अजून वापरात आहे, बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी. म्हणजे आकडा पुन्हा बिनेच्या प्रश्नाकडे आला : सवलत कुणाला, मदत कुणाला. पण 70 च्या आसपास एक रेघ असते, आणि चाचणीत चार-पाच गुणांची चूक सहज होऊ शकते. एका तालुक्याहून सकाळच्या एसटीने आलेलं, उपाशी, अनोळखी माणसासमोर बावरलेलं पोर रेघेच्या या बाजूला पडेल की त्या, हे त्या दिवसावरही अवलंबून असतं.

म्हणूनच आता एकट्या बुद्ध्यंकावर निर्णय करत नाहीत. मूल स्वतः जेवतं का, गुंड्या लावतं का, दुकानातून सांगितलेली वस्तू आणतं का, हेही विचारतात. त्यासाठी जी सामाजिक प्रौढत्वाची श्रेणी वापरतात, तिचं भारतीय रूप नागपूरला ए. जे. मालिन यांनी केलं. मूळ श्रेणी मात्र 1930 च्या दशकात एडगर डॉल यांनी तयार केली ती व्हाइनलँडलाच, गॉडर्डच्याच संस्थेत.