कायदेमंडळाच्या दारीं शास्त्रज्ञ

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपल्याकडे बहुधा उपहासानें वापरली जाते. परंतु तींत राज्यकारभारांतील एक अवघड प्रश्न सांठविलेला आहे. राज्यकर्त्याला सल्ला देणाऱ्या विद्वानाची पोळी कोणीं पुरवावी? ती राज्यकर्त्यानेंच पुरविली तर सल्ल्यांत टाळीचा आवाज मिसळण्याची भीति. एखाद्या कारखानदारानें पुरविली तर ती भीति दुप्पट. आणि कोणींच न पुरविली तर विद्वान आपल्या प्रयोगशाळेबाहेर पडावयाचाच नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७३ सालीं या प्रश्नाचें एक लहानसें उत्तर शोधण्यांत आलें. त्या उत्तराचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण लोकसत्ताक राज्यांत राहणाऱ्या कोणालाहि विचार करावयास लावणारा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत शास्त्रज्ञांचें वजन वाढलें, तें मुख्यतः अध्यक्षांच्या दरबारीं. १९५७ सालीं रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडला आणि त्याच वर्षीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं शास्त्रज्ञांची सल्लागार समिति आपल्या निकट आणून बसविली. कायदेमंडळाची स्थिति मात्र निराळी होती. अणुशक्ति, औषधें, कीटकनाशकें, नद्यांचें प्रदूषण या सर्वांवर कायदे करावयाचे, कोट्यवधि डॉलर मंजूर करावयाचे. पण सभासदांत वकिलांचा भरणा मोठा आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींत शास्त्र शिकलेला माणूस विरळा. जी माहिती मिळे ती सरकारी खात्यांकडून किंवा कारखानदारांच्या प्रतिनिधींकडून. परीक्षार्थ्याकडूनच प्रश्नपत्रिका मागवून घ्यावी, तसा हा प्रकार होता.

या उणिवेची जाणीव तीव्र झाली ती एका विमानाच्या निमित्तानें. आवाजाच्या गतीहून अधिक वेगानें उडणारें प्रवासी विमान सरकारी पैशानें बांधावें, अशी योजना होती व अध्यक्ष निक्सन तिचे पुरस्कर्ते होते. १९६९ सालीं रिचर्ड गार्विन या पदार्थविज्ञानवेत्त्याच्या अध्यक्षतेखालीं तिची तपासणी झाली. अहवाल प्रतिकूल पडला आणि तो गुप्त ठेवण्यांत आला. पुढच्या वर्षीं गार्विन कायदेमंडळाच्या समित्यांपुढें साक्षीस उभे राहिले. गुप्त अहवालाचा आधार न घेतां, सर्वांना उपलब्ध असलेल्या माहितीवरून त्यांनीं आपलें मत सांगितलें, कीं या एका विमानाच्या उड्डाणानें पन्नास जंबो विमानें एकदम उडाल्याइतका गोंगाट होईल. २४ मार्च १९७१ रोजीं सेनेटनें ५१ विरुद्ध ४६ मतांनीं पैसा नाकारला. जानेवारी १९७३ मध्यें निक्सन यांनीं आपली सल्लागार समितीच मोडून टाकली. शास्त्रज्ञांच्या या विरोधाचा राग हें त्याचें एक कारण मानलें जातें. टाळी न वाजविणाऱ्याची पोळी बंद झाली, एवढाच त्याचा अर्थ.

कायदेमंडळानें यावर आपल्या परीनें उपाय योजिला होता. १९७२ सालीं कायदा करून त्यानें ‘ऑफिस ऑफ टेक्नॉलॉजी असेसमेंट’ नांवाची स्वतःची कचेरी स्थापिली. दुसरा उपाय सुचला तो शास्त्रज्ञांना. स्टॅनफर्ड विद्यापीठांत जोएल प्रिमॅक या तरुण पदार्थविज्ञानवेत्त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं कायदेमंडळाला शास्त्रीय सल्ला कसा मिळतो याचा अभ्यास केला होता. सल्ला केवळ कागदावर पाठवून भागत नाहीं, सल्ला देणारा माणूसच तेथें नेऊन बसविला पाहिजे, हा विचार अशा चर्चेंतून पुढें आला. यांत्रिक इंजिनियरांची संस्था, विद्युत-इंजिनियरांची संस्था, अमेरिकन फिजिकल सोसायटी आणि १८४८ सालीं स्थापन झालेली ‘अमेरिकन असोसिएशन फॉर दि अॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ यांनीं तो उचलून धरला. १९७३ च्या शरदृतूंत सात जणांची पहिली तुकडी वॉशिंग्टनमध्यें दाखल झाली.

या फेलोशिपची खुबी तिच्या व्यवस्थेंत आहे. फेलोचा वर्षभराचा तनखा त्याला पाठविणारी विद्वत्संस्था देते. कायदेमंडळानें द्यावयाचें तें बसावयास टेबल आणि करावयास काम. तनखा देणाऱ्या संस्थेची वकिली मात्र फेलोनें करावयाची नाहीं. त्याला कोणी नेमणूक करून देत नाहीं. सभासदांच्या व समित्यांच्या दारोदार जाऊन, मुलाखती देऊन, त्यानें आपली जागा आपणच मिळवावयाची. मग मतदारांच्या पत्रांना उत्तरें लिहिणें, साक्षीदारांसाठीं प्रश्न तयार करणें, विधेयकाचा मसुदा सुधारणें, अशीं कामें अंगावर पडतात. प्रयोगशाळेंत एका प्रश्नाला वर्षानुवर्षें देणाऱ्या माणसाला येथें संध्याकाळपर्यंत उत्तर द्यावें लागतें, आणि तेंहि अर्ध्या पानांत. शास्त्रीय सत्य आणि मतांची बेरीज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें तो येथें शिकतो.

शिकलेलें वाया गेलें नाहीं. पहिल्या तुकडींतील जेसिका टकमन, पुढच्या जेसिका मॅथ्यूज, या जीवशास्त्राकडून आल्या त्या राज्यकारभारांतच रमल्या. अध्यक्ष कार्टर यांच्या कारकीर्दींत त्या राष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या कचेरींत होत्या. १९८२ सालचे फेलो रश होल्ट हे पदार्थविज्ञानाचे अध्यापक. ते १९९८ सालीं न्यू जर्सीमधून स्वतःच प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि २०१५ पर्यंत तेथें राहिले.

आतां दोन्ही उपायांची तुलना करून पाहूं. तंत्रमूल्यमापनाच्या त्या कचेरीनें सुमारें ७५० अहवाल सिद्ध केले व विद्वानांत मोठा लौकिक मिळविला. पण तिचा वार्षिक खर्च, सुमारें दोन कोटि डॉलर, कायदेमंडळाच्या मंजुरीवर अवलंबून होता. बहुमत फिरलें, काटकसरीची हांक उठली, आणि सप्टेंबर १९९५ मध्यें कचेरीचीं दारें बंद झालीं. तिच्या पुनरुज्जीवनासाठीं होल्ट यांनीं पुढें वारंवार खटपट केली, ती निष्फळ ठरली. फेलोशिप मात्र त्या वादळांतून सुखरूप निघाली. तिला इमारत नव्हती, अंदाजपत्रकांत तिचें खातें नव्हतें. तेव्हां कापावयाचें काय?

यावरून फेलोशिपच श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. एका वर्षासाठीं आलेला एक माणूस एका सभासदाचे डोळे उघडूं शकतो. वर्षानुवर्षें चालणाऱ्या अभ्यासाची जागा तो घेऊं शकत नाहीं. शिवाय शास्त्रज्ञाला आपल्या कचेरींत घेणारा सभासद बहुधा आधींच ऐकावयास तयार असतो. ज्याला ऐकावयाचें नाहीं, त्याचें दार बंदच राहतें. पुढें ही फेलोशिप सरकारी खात्यांतहि पसरली व एकंदर फेलोंची संख्या तीन हजारांवर गेली. पण तेथें तनखा बहुतांशीं त्या त्या खात्याच्या पैशांतूनच येतो, म्हणजे म्हणींतली ती पोळी पुन्हां पानावर आलीच. कॅलिफोर्नियानें २००९ सालीं दहा फेलो घेऊन हाच कित्ता आपल्या विधिमंडळांत गिरविला, तेव्हां सुरुवातीचा पैसा एका खाजगी धर्मादाय निधीनें दिला.

तरीहि १९७३ च्या त्या सात जणांची गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. राज्यकर्ते आपलें ऐकत नाहींत, ही विद्वानांची तक्रार फार जुनी आहे. त्या वर्षीं कांहीं विद्वत्संस्थांनीं तक्रार बाजूला ठेवून स्वतःची थैली सोडली आणि आपलीं चांगलीं माणसें दुसऱ्याच्या कामाला दिलीं. सत्य सांगण्याचा अधिकार सर्वांनाच हवा असतो. त्या अधिकाराचा खर्च आपण सोसावा, हें फार थोड्यांना सुचतें.