मुळशीच्या मोजणीत न आलेले

नियोजित प्रकल्पामुळे भूमी, जल आणि रयत यांवर काय परिणाम होतील याची चौकशी कामाआधीच व्हावी, हा दंडक केंद्र सरकारने २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने घातला आणि जनसुनावणीची अट तर त्यानंतर, १९९७ साली, आली. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी मात्र ही मागणी १९२१ च्या रामनवमीलाच धरणाच्या जागेवर बसकण मारून मांडली होती.

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी मुळा-निळा संगमाजवळ धरण बांधण्याचे टाटा कंपनीने योजिले, आणि जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच आंबेमोहोराच्या खाचरांतून चाचणीचे चर खणले गेले. विरोध पेटला तो या चरांवरून. १८९४ चा भूसंपादन कायदा काही अगदीच बेहिशेबी नव्हता: जमिनीचा बाजारभाव, उभे पीक, झाडे आणि सक्तीबद्दल वर शेकडा पंधरा, इतके सारे त्यात मोजले जाई. परंतु ही मोजणी मालकाच्या नुकसानीची होती. नदीच्या, गायरानाच्या वा वहिवाटीच्या नुकसानीला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. त्यातून पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या, तेव्हा नुकसानभरपाईची रक्कम कोणाच्या तिजोरीत गेली असेल हे सांगावयास नको.

कामाआधीच रयतेच्या नुकसानीचा विचार करण्याचा याहून जुना एक दाखला आपल्याच दप्तरात आहे. मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जी ताकीद आहे, तिच्यात आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे बजावून, एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच तर धन्यास राजी करून व मोल देऊनच घ्यावे असे म्हटले आहे. आरमार राज्याला हवेच होते. तरीही ते बांधताना कोणाचे काय जाईल, हा विचार कुऱ्हाड उचलण्याआधीचा होता.

मुळशीला तसे घडले नाही. रामनवमीला सुरू झालेल्या त्या सत्याग्रहामुळे काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट यांनी १९२४ अखेर रेल्वे अडवून दीर्घ कारावास पत्करला, आणि धरण पुरे झाले. भीमेकडे पूर्वेस वाहणारे पाणी आता घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेला मिळते. कोकणाला बारमाही नदी लाभली, हे खरे. पण मुळेकाठच्या खालच्या गावांना त्याबद्दल कोणी पुसले नव्हते, आणि त्या पाण्यावर हक्क कोणाचा हा तंटा अद्याप मिटलेला नाही.