वऱ्हाडच्या सरकीची वंशावळ

बुलढाणा जिल्ह्यांतील जलंब स्टेशनापासून खामगांवपर्यंत आगगाडीचा एक लहानसा फांटा जातो. त्याची लांबी जेमतेम आठ मैलांची. परंतु 1870 सालीं तो खुला करण्यासाठीं स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवास आले होते. एवढ्याशा फांट्यासाठीं एवढा मोठा पाहुणा कां यावा, याचें उत्तर कापसांत आहे. 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडील कापूस इंग्लंडांत पोंचेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांचे डोळे लागले. खामगांव ही त्या वेळीं देशांतील अग्रगण्य कापूसपेठांपैकीं एक होती.

पेठेंत कापूस भरपूर आला, परंतु परदेशी गिरणीवाल्याचें समाधान झालें नाहीं. वऱ्हाडांत तेव्हां मुख्यतः दोन प्रकारचे देशी कापूस पिकत. एक ‘बनी’: धागा लांब व तलम, पण पीक उशिरां हाताशीं येणारें आणि रुईचा उतारा कमी. दुसरा जाड व आंखूड धाग्याचा, पण लवकर वेंचणीस येणारा आणि भरघोस. गिरणीवाल्यास पहिला हवा होता. शेतकरी दुसरा पेरीत असे. सरकारनें कॉटन कमिशनर नेमला, चांगल्या सरकीच्या प्रसाराची खटपट केली. तरी बनी मागें पडतच गेली. याचा दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाकडे देण्याची त्या काळीं रीत होती. वास्तविक त्याचा हिशेब चोख होता. परतीचा पाऊस हुकला, तर लवकर बोंड धरणारी पऱ्हाटीच पदरांत कांहीं टाकते. आणि तलम कापसाला मिळणारा जादा भाव कमी उताऱ्याची तूट भरून काढीत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शेतकी खात्यानेंही हें ओळखलें आणि ‘रोझिअम’ नांवाचा जाड धाग्याचा, परंतु रुईचा भरपूर उतारा देणारा देशी वाण वऱ्हाडांत पसरविला. पुढें गिरण्यांची मागणी बदलली. 1921 सालीं इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि अधिक चांगल्या धाग्याचे ‘व्हेरम’ वाण आले. स्वातंत्र्यानंतर अमेरिकन कापसाचा विस्तार झाला. 1970 सालीं सुरतेच्या संशोधनकेंद्रांतून डॉ. सी. टी. पटेल यांचा ‘एच-4’ हा संकरित कापूस बाहेर पडला. संकरित बियाण्याचे गुण पुढच्या पिढींत टिकत नाहींत. म्हणून घरची सरकी राखून ठेवण्याची पिढीजात चाल मोडली आणि बीं दरसाल विकत घेणें भाग पडलें. कधीं धाग्याची लांबी, कधीं रुईचा उतारा, कधीं एकरी पीक, अशी एकेक मोजपट्टी घेऊन सरकीची पारख होत गेली. आणि मोजपट्टींत न बसणारे गुण टाकाऊ ठरले.

देशी कापसाचा काटकपणा आणि अमेरिकन कापसाचा लांब धागा एकाच झाडांत कां आणतां येऊं नये? ही इच्छा जुनी. पण अशा संकराची संतति बहुधा वांझ निघे. त्याचें कारण 1920 नंतरच्या दशकांत सूक्ष्मदर्शकाखालीं दिसून आलें. देशी कापसाच्या पेशींत 26 गुणसूत्रें असतात, तर अमेरिकन कापसाच्या पेशींत 52. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रींत 1933 ते 1937 या काळांत काम करणारे जोसेफ हचिन्सन यांनीं कापसाच्या कुळांचा कसून अभ्यास केला. 1940 च्या सुमारास अमेरिकेंत बीस्ली यांनीं आशियाई कापूस आणि अमेरिकेंतील एक रानटी कापूस यांचा संकर करून, गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून, अमेरिकन कापसाशीं जुळणारें झाड घडविलें. तेव्हां एक नवल उघड झालें: अमेरिकन कापूस हा दोन घराण्यांचा वारस असून त्यांतील एक घराणें वऱ्हाडच्या देशी कापसाच्या गोताचें आहे. सुमारें दहा ते वीस लक्ष वर्षांपूर्वीं, मनुष्याचा हात लागण्याच्या फार आधीं, निसर्गानेंच हें लग्न लावून दिलें होतें.

ही वंशावळ अक्षरशः वाचण्याचें साधन एकविसाव्या शतकांत हातीं आलें. प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याच्या गुणधर्मांची लिपी चार अक्षरांत लिहिलेली असते. त्या समग्र लेखास जनुकसंच किंवा जीनोम म्हणतात. 2012 सालीं अमेरिकेंतील एका रानटी कापसाचा, 2014 सालीं देशी कापसाचा आणि 2015 सालीं अमेरिकन कापसाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. देशी कापसाचा लेख सुमारें 170 कोटी अक्षरांचा असून त्यांत चाळीस हजारांच्या आसपास जनुकें आहेत. मात्र जो वाण प्रथम वाचला गेला तो चीनमधील होता. ज्या देशाच्या शेतांत 1947 पर्यंत जवळजवळ सारा कापूस देशी कुळाचाच होता, त्याच्या गांवोगांवच्या वाणांची ओळख या एका वाचनानें पुरी होत नाहीं.

दरम्यान वऱ्हाडांत दुसरें नाट्य घडत होतें. बुलढाण्याला लागून असलेल्या जालन्यांतील महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना मार्च 2002 मध्यें परवानगी मिळाली. जमिनींतील एका जंतूचें जनुक त्यांत घातलेलें होतें आणि त्यामुळें बोंडअळीला मारक असें प्रथिन झाडच तयार करी. 2006 सालीं दोन जनुकांचा वाण आला. प्रारंभीं फवारण्या कमी झाल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतेक सारी शेती या वाणाखालीं आली. परंतु सगळीकडे एकच ढाल दिसल्यावर शत्रूही ती भेदण्यास शिकतो. 2017 च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील पीक पोखरून काढलें. गुजरात-मध्यप्रदेशांतल्या अळ्यांवर झालेल्या, 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें होतें कीं, ज्या प्रथिनाला झाडांतील विष चिकटतें, त्याच प्रथिनाच्या जनुकांत अळीनें बदल घडविले होते. त्याच वर्षीं, 2017 मध्यें, वऱ्हाडांतील यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. बियांतील एक उणीव अशी माणसाच्या श्वासापर्यंत येऊन पोंचते.

म्हणून जनुकसंचाच्या विद्येचें मोल केवळ अधिक रुई मिळविण्यांत नाहीं. रोपाच्या एका पानावरून त्यांतील इष्ट जनुक ओळखतां येतें. प्रत्येक गुणासाठीं हंगामभर थांबावें लागत नाहीं. अळींतील बदल शेतांत हाहाकार होण्यापूर्वीं हेरतां येतात, आणि अकारण फवारण्या टाळल्या, तर मजुराचें आरोग्य राखलें जातें. 1969 सालीं अकोल्यास स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें देशी कापसाचे वाण निवडून जोपासले आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंत जुन्या वाणांचा संग्रह जतन केलेला आहे. जो वाण जपलाच नाहीं, त्याचा लेख कितीही सूक्ष्म यंत्र आणलें तरी वाचतां येणार नाहीं. परंतु संग्रह व प्रयोगशाळा यांइतकेंच, खेड्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुलाला आपल्या बांधावरच्या पऱ्हाटीचें कुळ समजणें अगत्याचें आहे.

दीडशें वर्षांपूर्वीं खामगांवच्या पेठेंत कापसाची परीक्षा दूरच्या गिरणीच्या नजरेनें झाली, आणि ज्यानें तो पिकविला त्याचा हिशेब कोणीं विचारला नाहीं. आज सरकीच्या पोटांतील कोट्यवधि अक्षरें वाचतां येतात. त्या वाचनाच्या जोडीला, पाऊस हुकल्यावर कोणती पऱ्हाटी तग धरते हें सांगणाऱ्या शेतकऱ्याचा शब्दही घेतला गेला, तरच नवी विद्या जुनी चूक टाळूं शकेल. सरकी लहान असते. पण तिच्यांत अमेरिकेंतील रानापासून वऱ्हाडांतील वावरापर्यंतचा इतिहास सामावलेला आहे, आणि तो ज्याच्या ओंजळींत असतो, त्यालाच तो सर्वांत शेवटीं सांगितला जावा, यासारखा अन्याय नाहीं.